घाटावरची पुस्तके, घाटाखालची पुस्तके

बुलढाणा जिल्ह्यात अनोळखी माणसाची ओळख पटवून घेताना तालुक्याच्या नावाआधी बहुधा एक प्रश्न विचारला जातो: घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे असे दोन मजले पाडले आहेत. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके खालच्या सपाटीवर पसरलेले आहेत, तर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा वरच्या पठारावर वसले आहेत. मोताळ्याहून बुलढाण्याकडे निघालेली एसटी राजूर घाटाची वळणे घेऊ लागली, की खिडकीतून येणारा वारा बदलतो, मातीचा रंग बदलतो आणि वळणागणिक प्रवाशांच्या बोलण्याचा हेलही किंचित बदलत जातो, असे वऱ्हाडीचा कान असलेली माणसे सांगतात. निसर्गानेही येथे एक गंमत करून ठेवली आहे. घाटाखालून एक पूर्णा वाहते आणि घाटावरच्या देऊळगाव राजाकडून दुसरी, जिला त्या भागात खडकपूर्णा म्हणतात. पहिली तापीला मिळून अरबी समुद्र गाठते, तर दुसरी गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. नाव एकच, पण पाणी दोन समुद्रांचे.

पुस्तकांच्या जगातही असाच एक घाट मानण्याची रीत आहे. वर अभिजात वाङ्मय आणि खाली लोकप्रिय कादंबरी, अशी मांडणी शाळेपासून अंगवळणी पडते आणि पुढे ती कोणी तपासून पाहत नाही. ‘अभिजात’ या शब्दाचा मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला असा आहे. म्हणजे संस्कृताने ग्रंथाची प्रतिष्ठा जन्माशी बांधली. युरोपात याच अर्थाने जो शब्द रूढ झाला, त्याचे मूळ प्राचीन रोममधील करदात्यांच्या प्रतवारीत आहे. सर्वांत अधिक कर भरणाऱ्या वर्गातील नागरिकासाठी वापरला जाणारा शब्द इ. स.च्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस या लेखकाच्या ग्रंथात प्रमाणभूत लेखकाला लावलेला आढळतो. एकीकडे कूळ, दुसरीकडे कर. वाचकाचा उल्लेख मात्र दोन्हीकडे नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली, तेव्हा हा शब्द तालुक्याच्या गावातील फलकांवरही झळकला. प्राचीनता आणि स्वतंत्र वाङ्मयीन परंपरा हे त्या दर्जाचे निकष भाषेला लागू होते, एखाद्या पुस्तकाला नव्हे. पुस्तकांची प्रतवारी कोणतेही शासन करीत नाही. शासन प्रतवारी करते ती ग्रंथालयांची. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर अनुदानासाठी त्यांना ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ असे वर्ग मिळाले, आणि त्यामुळे ‘ड’ वर्गाच्या वाचनालयातील एकाच लोखंडी कपाटात ‘ज्ञानेश्वरी’ आणि गुप्तहेराची कादंबरी शेजारी शेजारी उभ्या राहू शकल्या.

अशा कपाटातील कोणतेही पुस्तक उघडून शेवटचे पान पाहिले, तर तेथे चिकटवलेली तारखांची चिठ्ठी दिसते. पुस्तक परत करण्याची मुदत दाखवणारे शिक्के एकाखाली एक उमटलेला हा कागद म्हणजे त्या पुस्तकाचा खरा जीवनवृत्तान्त असतो. समग्र वाङ्मयाच्या जाडजूड खंडांमागील चिठ्ठी पुष्कळदा कोरीच असते, किंवा तिच्यावर दोन-तीन शिक्के असतात आणि त्यांच्यामध्ये सात-आठ वर्षांचे अंतर असते. याउलट एखाद्या रहस्यकादंबरीमागे एकावर एक चार चिठ्ठ्या डकवलेल्या असतात, पुस्तकाची शिवण सुटलेली असते, कोपरे तेलकट झालेले असतात आणि शेवटचे पान, म्हणजे नेमके खुनी कोण हे सांगणारे पान, कधी कधी गायब असते. फाटलेल्या पुस्तकाची कणव यावी तशी कोऱ्या चिठ्ठीचीही यावी, पण सहसा येत नाही. कोऱ्या चिठ्ठीला लोक प्रतिष्ठा समजतात.

घाटाखालच्या पट्ट्याला वाचनाची खालची पायरी, जर तिला तसे म्हणायचेच असेल, रेल्वेमुळे लवकर मिळाली असावी असे वाटते. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही मुंबई-हावडा मार्गावरील स्थानके आहेत, आणि कापसाच्या बाजारपेठेसाठी जलंबहून खामगावला काढलेला छोटा फाटा तर १८७० सालापासूनचा आहे. जेथे गाडीची वाट पाहावी लागते, तेथे वेळ घालवण्याचे साधन लागते, आणि फलाटावरील पुस्तकांच्या दुकानाने जगभर हीच गरज ओळखली. बाबूराव अर्नाळकरांच्या (१९०६–१९९६) हजारावर रहस्यकथा, त्यांतील झुंजार आणि काळा पहाड, पुढे गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्यांची न संपणारी रांग, नारायण धारपांच्या भयकथा, सुहास शिरवळकरांचे नायक, आणि बऱ्हाणपूर फार दूर नसल्यामुळे हिंदीतील सुरेंद्र मोहन पाठक व वेद प्रकाश शर्मा, अशी ही मिरवणूक आहे. ज्या स्वस्त कागदावर ही पुस्तके छापली जात, त्या कागदाच्या लगद्यावरून हिंदीने त्यांना ‘लुगदी साहित्य’ असे नाव दिले. मराठीने असे वेगळे नाव पाडले नाही. ‘टाइमपास’ म्हणून विषय संपवला. खरे तर टाइमपास या शब्दात तुच्छतेइतकीच कृतज्ञताही आहे, कारण कपाशीच्या वेचणीनंतरची लांब दुपार किंवा उशिरा धावणाऱ्या पॅसेंजरची वाट पाहण्याची रात्र सरता सरत नाही, तेव्हा ती सरवून देणारे पुस्तक काही लहान उपकार करीत नाही.

या पुस्तकांचा खरा गुण त्यांच्या सचोटीत आहे. पहिल्या पानावर दिलेले वचन ती शेवटच्या पानावर पाळतात. प्रेत सापडले असेल तर मारेकरी सापडणार, तिजोरी फुटली असेल तर चोर कळणार, हा करार लेखक मोडत नाही आणि वाचकही त्याहून अधिक काही मागत नाही. वाक्ये आखूड, परिच्छेद छोटे, प्रकरण संपताना दार वाजलेच पाहिजे. हे तंत्र दिसते तितके सोपे नाही. महिन्याला अनेक पुस्तके लिहिणाऱ्या माणसाच्या हाताला जी लय लागते, ती सवडीने लिहिणाऱ्याच्या हाताला लागेलच असे नाही. मराठी समीक्षेने या लयीचा अभ्यास फारसा केला नाही, आणि ज्यांनी लहानपणी पांघरुणाखाली हीच पुस्तके वाचली, त्यांनी मोठेपणी आपली पहिली वाचने सांगताना दुसरीच नावे सांगितली. एवढे मात्र मान्य करावे लागते, की या करारात एक उणीव आहे. करार पूर्ण झाला, की दोन्ही पक्ष मोकळे होतात. खुनी कोण हे कळल्यावर ते पुस्तक पुन्हा उघडण्याचे कारण उरत नाही, आणि चिठ्ठीवरील पुढचा शिक्का दुसऱ्या कोणाच्या तरी नावाचा असतो.

परत वाचण्याचा विचार मनात आला, की या जिल्ह्यात वाट आपोआप शेगावकडे वळते. तेथे, आणि तेथून घराघरात, जे पुस्तक सर्वाधिक वाचले जाते ते कादंबरी नव्हे आणि प्राचीन ग्रंथही नव्हे. गजानन महाराजांचे चरित्र सांगणारी ‘श्री गजानन विजय’ ही पोथी दासगणूंनी १९३९ साली रचली, म्हणजे महाराजांच्या समाधीनंतर (१९१०) एकोणतीस वर्षांनी. वयाने ती अर्नाळकरांच्या पिढीचीच आहे. तिचा छंद मात्र ज्ञानेश्वरांचा आहे. ओवी म्हणजे साधारणपणे साडेतीन चरणांचा, शेवटचा चरण आखूड ठेवणारा छंद, आणि अशा साडेतीन हजारांहून अधिक ओव्या या पोथीच्या एकवीस अध्यायांत आहेत. जुन्या छंदाच्या या वाड्यात नवा काळ निःसंकोच वावरतो: आगगाडी येते, पोलीस येतात, न्यायालय भरते, खामगावचे डॉक्टर येतात, टिळकांची अकोल्यातील शिवजयंतीची सभाही येते. रचनाकाराचा पूर्वेतिहासही याला साजेसाच आहे. गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, म्हणजेच पुढचे दासगणू (१८६८–१९६२), तरुणपणी पोलीस शिपाई होते आणि त्यांना लावण्या-तमाशाचा नाद होता. तमाशासाठी ते कवने रचून देत. ज्याला फडावरच्या गर्दीला धरून ठेवता येते, त्याला पारायणाची बैठकही धरून ठेवता येते, हे त्यांच्या ओव्यांचा वेग पाहिला की पटते. विद्यापीठीय वाङ्मयेतिहासात या पोथीला फार जागा मिळालेली नाही. अभिजाताच्या यादीत ती नाही आणि लोकप्रिय साहित्याच्या चर्चेतही कोणी तिचे नाव घेत नाही, जणू लाल वस्त्रात गुंडाळले की पुस्तक हे पुस्तक राहत नाही.

पारायण म्हणजे एखादा ग्रंथ ठरलेल्या काळात आरंभापासून अखेरपर्यंत वाचण्याचा नेम. ‘गजानन विजय’चे पारायण दशमी, एकादशी, द्वादशी अशा तीन दिवसांत रोज सात अध्याय याप्रमाणे होते, गुरुपुष्याला एका दिवसातही होते, आणि काही जण रोज एक अध्याय वाचून बाविसाव्या दिवशी पहिल्याकडे परत वळतात. या वाचकाला पुढे काय घडणार हे ठाऊक असते. उष्ट्या पत्रावळीवरील शिते वेचणारा तरुण कोण हे त्याला माहीत असते आणि अकोलीच्या कोरड्या विहिरीला पाणी लागणार हेही माहीत असते. तरीही विहिरीचा प्रसंग जवळ येऊ लागला, की वाचणाऱ्याचा आवाज बदलतो आणि ऐकणारी सावरून बसतात. उत्कंठेचे हे कोणते रूप म्हणावे? रहस्यकथेची उत्कंठा न कळण्यावर जगते, तर ही उत्कंठा कळलेले पुन्हा कळण्यावर जगते. मृत्यूच्या दारातून परतलेल्या घरात एखादा अध्याय निराळा वाचला जातो आणि लग्नघरात तोच निराळा. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी पुस्तकाकडे परत परत येण्याची ही सवय वाङ्मयाच्या विचारात दुर्लक्षिण्यासारखी नाही. कदाचित अभिजात हा पुस्तकाचा गुण नसून अशा येण्याजाण्याने पडलेली पायवाट असावी. पायवाटेला कूळ नसते; पावले पडायची थांबली, की गवत उगवते.

गवत किती काळ राहू शकते याचे उदाहरणही जवळच आहे. मेहकर आणि लोणार या गावांची नावे ‘लीळाचरित्रा’त येतात. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांच्या तोंडून गोळा केल्या आणि इ. स. १२७८च्या सुमारास हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ सिद्ध झाला. त्यात बायाबापडे बोलतात, भांडतात, जेवणखाण होते, कोणी रुसते, कोणी समजूत काढते. बाजारहाटाच्या मराठीत लिहिलेले हे गद्य पुढे पंथाने सकळ लिपी नावाच्या सांकेतिक लिपीत ठेवले, आणि वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडेपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी माणसाला त्याचा पत्ताच नव्हता. लोकांसाठी लोकांच्या भाषेत लिहिलेला ग्रंथ सहा शतके लोकांपासून दूर राहिला आणि बाहेर आला तो थेट अभ्यासक्रमात. एसटीत बसून ‘लीळाचरित्र’ वाचणारा माणूस आज दिसत नाही. ते तसे वाचता येते, हे मात्र फार थोड्यांना सांगितले गेले आहे.

हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही आज अभिजात मानली जाणारी कादंबरी १८९०पासून ज्या साप्ताहिकात क्रमशः येत गेली, त्याचे नाव ‘करमणूक’ होते. यावर वेगळे भाष्य नको.

मेहकरचे उदाहरण मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. सेंदुर्जन येथे १९०९ साली जन्मलेले आणि मेहकरला वकिली करणारे ना. घ. देशपांडे हे मराठीतील महत्त्वाचे कवी. १९३०च्या दशकाच्या आरंभी त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि तिची ध्वनिमुद्रिका निघाली. भावगीत, म्हणजे एका व्यक्तीच्या मनोभावाचे सोप्या चालीवर गायलेले गीत, या प्रकाराचा आरंभ अनेक जण या मुद्रिकेपासून मानतात. त्या काळी फोनो म्हणजे श्रीमंताच्या ओसरीवरची वस्तू होती, पण ओसरीवर वाजणारे गाणे रस्त्यावरच्यालाही फुकट ऐकू येत असे. ‘शीळ’ याच नावाचा संग्रह त्यानंतर दोन दशकांनी, १९५४ साली, प्रसिद्ध झाला. ‘खूणगाठी’ या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो १९८६ साली, म्हणजे मुद्रिकेनंतर अर्धशतक उलटल्यावर. आधी गल्लीने म्हटले, मग पुस्तकाने छापले आणि सर्वांत शेवटी सन्मान पोचला. ही उतरंड मुद्दाम कोणी रचली नव्हती, आणि ती नेहमी अशीच असते असेही नाही. तथापि, तबकडीवर वाजली म्हणून ती कविता हलकी झाली नाही, एवढे त्यावरून दिसते. मेहकरच्या कोर्टात त्या दिवसांत पक्षकारांना आपला वकील कोण आहे याची कितपत कल्पना असेल, कोणास ठाऊक!

आणि तरीही घाट नाहीच, असे म्हणून मोकळे होता येत नाही. तसे म्हणू न देणारा लेखक जवळच्याच अमरावतीचा आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली प्रसिद्ध झाली. कौतिक ही शिंपी घराण्यातील बाई कष्ट करून संसार सावरू पाहते आणि दारिद्र्य तो तिच्या हातून पुन्हा पुन्हा काढून घेते, एवढीच तिची गोष्ट. तिच्यातील माणसे वऱ्हाडीत बोलतात, म्हणजे ‘येजो’, ‘करून राह्यला’ अशी ती बोली, जिच्यावर घाटाखालचा शाळकरी मुलगा निबंधाच्या वहीत लाल शाईचा गोल मिळवतो. आपल्या आईची भाषा छापलेल्या पानावर, तीही विनोदासाठी नव्हे, प्रथमच पाहणाऱ्या वऱ्हाडी वाचकाला काय वाटले असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही. ‘धग’ मराठीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत गणली जाते, आणि ती गणना योग्यच आहे. त्यानंतर लेखणीवरच पोट भरायचे ठरवलेल्या शेळक्यांनी शंभराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्या खपणाऱ्या होत्या, झपाट्याने लिहिलेल्या होत्या, आणि समीक्षकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. एकाच हाताने दोन्ही मजल्यांवरचे लिहिले, आणि वरच्या मजल्यावरचे फक्त एक.

या वस्तुस्थितीकडे हळहळीने पाहण्याची पद्धत आहे. बाजाराने एक मोठा लेखक खाल्ला, असे म्हटले जाते आणि ते बरेचसे खरेही असावे. ज्या भाषेत एक ‘धग’ लिहून घर चालत नाही, त्या भाषेने लेखकाच्या दुसऱ्या पुस्तकांना नावे ठेवताना थोडा तरी संकोच बाळगावा. पण दुसरीही शक्यता उरते. ज्या वाचकाने भाड्याने आणलेली शेळक्यांची एखादी कादंबरी एका बैठकीत संपवली, त्याला त्या वेळेपुरते जे मिळाले ते खोटे होते काय? कौतिकच्या वाट्याला जी दुपार कधी आली नाही, ती कदाचित तिच्यासारख्याच एखाद्या बाईच्या सुनेला त्या पुस्तकाने दिली असेल. चिठ्ठीवरचा शिक्का तारीख सांगतो, वाचणारीच्या घरातील त्या दिवसाची अवस्था सांगत नाही. शंभर पुस्तकांपैकी एखाद्या पुस्तकाच्या मधल्याच कुठल्या पानावर ‘धग’चा लेखक क्षणभर परत आलेला असणेही अशक्य नाही, ती सर्व पाने उलटून पाहिल्याखेरीज तसे म्हणता येणार नाही आणि नाकारताही येणार नाही.

लहान वाचनालयांत पुस्तके लेखकाच्या नावाने लावली जातात, तेव्हा या दोन प्रकारच्या शेळक्यांना वेगळे ठेवण्याची सोय नसते. ‘धग’ची बांधणी केलेली प्रत आणि तिला टेकलेल्या, पाठीवरचे नाव पुसट झालेल्या इतर कादंबऱ्या एकाच फळीवर असतात. दुपारच्या शांत वेळी कोणी विद्यार्थिनी परीक्षेसाठी ‘धग’ मागते, ग्रंथपाल मान वर न करता फळीकडे बोट दाखवतो, आणि ती एकाऐवजी दोन पुस्तके काढून नोंदवहीपाशी येते. नियमाप्रमाणे एका वेळी एकच पुस्तक मिळते. ती दोन्हींच्या मागच्या चिठ्ठ्या पाहते.